एस्तरबाईंचा कॅथलिक तपास

एस्तरबाई तुमच्याशी बोलायला लागल्या की आधी तुमचं मनगट धरायच्या. नव्या माणसाला वाटायचं, काय प्रेमळ बाई आहे. प्रेम वगैरे काही नाही, बाई नाडी मोजत असायच्या. कोडोलीच्या मिशन दवाखान्यात नर्स म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. माणूस तोंडानं काहीही सांगेल, पण मनगट खोटं बोलत नाही, यावर त्यांची बायबलच्या खालोखाल श्रद्धा. मी एकदा त्यांना म्हणालो, "मावशी, फोटो उद्या नक्की देतो." त्यांनी माझं मनगट खाली सोडलं आणि म्हणाल्या, "परवा येते."

फोटो परवाच तयार झाले.

उचगावात माझा फोटो स्टुडिओ आणि त्यांचं घर एकाच बोळात होतं. नवरा फार लवकर गेला होता, मुलगी एकच, करुणा. निवृत्तीनंतर बाईंना पेशंट उरले नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्या बोळालाच तपासायला घेतलं. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरायच्या. भाजीवालीनं "ताजी हाय" म्हटलं की देठ मोडून आवाज ऐकायच्या. करुणा "अभ्यास केला" म्हणाली की पुस्तकावर हात ठेवून ते गरम लागतंय का बघायच्या. यात कुणाबद्दल राग नसायचा, हे मुद्दाम सांगतो. "बघून ठिवल्यालं बरं," एवढंच त्यांचं म्हणणं. दूध चांगलं निघालं तर त्या जरा हिरमुसायच्या, इतकंच.

आमच्या घरात भिंतीवर अंबाबाई. आम्हाला ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती, नाताळला करंज्या पाठवणारी माणसं. त्यात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशी दोन घरं आहेत आणि एका घरातून दुसऱ्या घराकडे डोळे बारीक करून बघतात, हे मला एस्तरबाईंनी शिकवलं. त्या आजोबांच्या काळापासून प्रोटेस्टंट. कॅथलिकांविषयी त्यांची माहिती पक्की होती. कॅथलिक माणूस शनिवारी फादरच्या कानात पाप सांगतो, पैसे टाकतो आणि सोमवारी तेच पाप नव्यानं करायला मोकळा होतो. ते येशूला खाली आणि मरियेला वर बसवतात. बायबल कुलपात ठेवतात, कारण वाचलं तर माणसं शहाणी होतील. पोपला शिंक आली तरी ती बिनचूक मानतात. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, दुसऱ्या मंडळीतला, म्हणजे दुसऱ्या चर्चचा, माणूस त्यांच्यात गेला की त्याचा आधीचा बाप्तिस्मा धुऊन काढून नवा देतात.

एवढी माहिती कुठून मिळाली, असं मी एकदा विचारलं. चौकशीत असं निघालं की, बाईंनी आयुष्यात जवळून पाहिलेला कॅथलिक एकच होता. अपेंडिक्सचा पेशंट. आणि तो सगळा वेळ बेशुद्ध होता.

नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांच्या समोरच्या घरात फिलूबाई राहायला आल्या. मूळ गाव चंदगडकडचं, नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, मार्टिन नावाचा उंच, लाजाळू मुलगा. ट्रकमधून कॉट उतरली, भांडी उतरली, काजूचं एक पोतं उतरलं आणि शेवटी चादरीत गुंडाळलेली, बाळासारखी छातीशी धरलेली मरियेची मूर्ती उतरली. एस्तरबाईंनी त्याच दिवशी आपली वेताची खुर्ची फिरवून समोरच्या दाराकडे तोंड करून ठेवली. ती परत कधी सरळ झाली नाही.

पहिल्या आठवड्यात त्या स्टुडिओत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की, संध्याकाळी समोर मेणबत्ती लागते, हातात माळ घेऊन सगळं घर तेच तेच पुटपुटतं. मी म्हटलं, प्रार्थना असेल. त्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटतं, मीही आतून मिळालेलो आहे की काय, याची खात्री करून घेत होत्या.

मग त्यांनी मला कामगिरीवर नेमलं. कोल्हापुरात कॅथलिकांच्या चर्चमध्ये एका लग्नाची ऑर्डर मला आली होती. मी हिंदू, म्हणजे कुणाच्याच बाजूचा नाही, आणि हातात कॅमेरा. यापेक्षा चांगला साक्षीदार कुठून मिळणार? मूर्तीपुढे कोण कोण वाकतं, किती वाकतं आणि ओठ हलतात का, हे सगळं टिपून आणायचं होतं. मी खोडकर माणूस, लगेच हो म्हणालो. नवरा-नवरीच्या रोलमधले तीन फोटो बाईंसाठी खर्च केले.

पुरावा आला तेव्हा बाई भिंग घेऊन बसल्या. पहिल्या फोटोत एक म्हातारी मूर्तीपुढे गुडघे टेकून होती. बाईंचे डोळे चमकले. दुसऱ्या फोटोत, त्याच लग्नाला आलेल्या फिलूबाई त्या मूर्तीपुढे उभ्या राहून जांभई देत होत्या. बाई गोंधळल्या. देवीपुढे अशी जांभई कोण देतं? तिसऱ्या फोटोत व्यासपीठावर एक मुलगी मोठं पुस्तक उघडून वाचत होती. "काय वाचतीया?" मी म्हटलं, बायबल. मराठीतच होतं, मला सगळं समजलं. त्यांनी भिंग पदरानं पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "तू फोटो काढणार हे त्यांना कळलं असणार."

फिलूबाई मात्र वेगळ्याच मातीच्या होत्या. आपल्यावर नजर आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी पडदा लावला नाही. उलट मेणबत्ती लावताना दार सताड उघडं ठेवायला लागल्या, म्हणजे बाईंना मान वाकडी करायला नको.

एकदा त्या काजू घेऊन एस्तरबाईंकडे आल्या तेव्हा मी तिथं होतो. भिंतीवर बाईंच्या नवऱ्याचा मोठा फोटो होता. तो मोठा करून मीच दिलेला. रोज सकाळी बाई पदरानं तो पुसायच्या आणि पुसता पुसता बोलायच्या. सगळ्या बोळाला ऐकू जायचं. फिलूबाईंनी फोटोकडे पाहिलं, एस्तरबाईंकडे पाहिलं.

"सकाळी यांच्याशी बोलता तुम्ही?"

"बोलते की."

"कागदाशी?"

"कागदाशी कशाला? माझ्या माणसाशी."

"हां," फिलूबाई म्हणाल्या आणि काजू पुढं केले.

एस्तरबाईंना डाव कळला. पण त्या अशा हरणाऱ्या नव्हेत. "मी त्याच्यापाशी काय मागत न्हाई," त्या ठासून म्हणाल्या.

"मग काय बोलता गो एवढं?"

"भांडते."

त्यावर दोघी हसल्या. फिलूबाई मोठ्यानं, एस्तरबाई नाकातल्या नाकात. काजू त्यांनी ठेवून घेतले. आधी एक फोडून आतून पाहिला.

आता जे व्हायचं तेच झालं. खुर्ची चोवीस तास समोरच्या मूर्तीवर रोखलेली. त्यामुळे समोरच्या मुलावर लक्ष ठेवायचं राहून गेलं. करुणा आणि मार्टिन यांचं जमलंय, हे दूधवाल्याला कळलं, मला कळलं, भाजीवालीला कळलं. एस्तरबाईंना सगळ्यांत शेवटी कळलं. तेही करुणानं स्वतः समोर बसून सांगितलं म्हणून. लग्न करणार. आणि म्हणाली, लग्नाआधी मी कॅथलिक होणार, मार्टिननं सांगितलं म्हणून नाही, मला व्हायचंय म्हणून.

त्या दिवशी बाईंनी कुणाचंच मनगट धरलं नाही. संध्याकाळी स्टुडिओत आल्या आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहिल्या. करुणाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती दीड महिन्याची होती. तिला हातावर घेऊन बाप उभा होता. वर्षभरात तो गेला. बापानं लेकीसाठी केलेली तेवढीच एक गोष्ट शिल्लक होती. "ते पाणी पुसत्यात रं," बाई म्हणाल्या. "नवं घालत्यात. म्हंजे त्यो उभा ऱ्हायला हुता, ते झालंच न्हाई म्हणायचं."

बाईंच्या बाकी सगळ्या संशयांना मी हसत आलो होतो. या वेळी हसलो नाही.

फादरांकडे जायचं ठरलं. बाई, करुणा, फिलूबाई आणि रिक्षात जागा होती म्हणून मी. फादर मराठीच होते, मध्यम वयाचे, चष्मेवाले, वसईकडचे. बाईंनी जाताच हात पुढं केला. फादरांनी हात मिळवला आणि पुढचा अर्धा तास तो त्यांना परत मिळाला नाही.

चौकशी सुरू झाली. पाप माफ करायचे किती घेता? फादर म्हणाले, काहीच नाही. बाई म्हणाल्या, म्हणजे फुकटात सोडता? फादर म्हणाले, माफ देव करतो. पण नुसतं सांगून होत नाही, मनापासून पश्चात्ताप लागतो, पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो, कुणाचं नुकसान केलं असेल तर ते भरून द्यावं लागतं. आणि मोठं पाप अंगावर ठेवून, ते कबूल न करता प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपाशी भाकर घ्यायला, यायचं नाही. तेवढ्या वेळी बाकावर बसून राहायचं. बाईंनी ही शेवटची गोष्ट फार लक्ष देऊन ऐकली. मरियेबद्दल विचारलं. फादर म्हणाले, आराधना देवाची एकट्याची, तिला आम्ही मान देतो, आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणतो, जसं तुम्ही तुमच्या मंडळीतल्या बायकांना म्हणता. पोपच्या शिंकेचा विषय बाईंनी सौम्य शब्दांत काढला. फादरांना खोकला आला. तो हसण्यासारखा होता.

मग बाई खऱ्या प्रश्नावर आल्या.

"माझ्या पोरीला परत बाप्तिस्मा देणार तुम्ही."

"नाही."

"का न्हाई?"

"झालाय ना तिचा? पाण्यानं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं?"

"झालाय. मी हुते. तिचा बाप हुता."

"मग झाला. तो एकदाच होतो. मी पुन्हा दिला तर चूक माझी होईल. ती फक्त सगळ्यांसमोर आपला विश्वास कबूल करेल, मग आम्ही तिला तेल लावून विश्वासात दृढ करू. वडलांनी केलं ते आहे तिथंच राहील."

एवढ्या वर्षांचा सगळ्यात मोठा संशय एका वाक्यात पडला होता. त्यांना आनंद झाला असणार, पण चेहऱ्यावर दिसली ती फसवणूक झाल्यासारखी शंका. एवढं सोपं? दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. नाडी तीच. शेवटी त्यांनी श्वास सोडला आणि अगदी सहज, उठता उठता म्हणाल्या, "मग लग्नात प्रभुभोजनाला मी पोरीच्या शेजारी उभी ऱ्हाते."

फादर हळूच म्हणाले, "ते मात्र नाही होणार, बाई."

पुढं त्यांनी समजावून सांगितलं. कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची ती भाकर, घेणं ही एका मंडळीत पूर्णपणे असल्याची खूण आहे. ती एकी अजून आपल्या दोन घरांत झालेली नाही, याचं त्यांना स्वतःलाही दुःख आहे. पण वाट आहे. मिस्साविधी, म्हणजे प्रभुभोजनाची पूर्ण उपासना, न ठेवता नुसतं लग्न लावता येतं. मग कम्युनियनच नाही, म्हणजे कुणी मागं बसायचा प्रश्न नाही. त्यांनी फिलूबाईंकडे पाहिलं. फिलूबाईंचा एकुलता एक मुलगा. त्या मान खाली घालून पदराचं टोक पिळत होत्या. पण त्यांनीच मान हलवली. चालेल म्हणाल्या.

"नको," एस्तरबाई म्हणाल्या. "मिस्सा ठिवा. सगळं ठिवा. उद्या म्हणशीला अर्ध्या विधीचं लगीन हुतं, म्हणून मोडलं. मी बसते."

रिक्षात त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघ. ज्याची चौकशी केली त्यातलं काय बी न्हवतं. आन् जे हाय, त्याचा मला वासबी आला न्हाई." त्यांना दुःख जास्त झालं होतं की आपली तपासणी चुकल्याचा अपमान, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

लग्नापर्यंतचे दिवस बाईंच्या मंडळीत गाजले. तिथल्या बायकांना कॅथलिकांची माहिती पुरवणाऱ्या मूळ बाई याच, आणि आता त्याच बायका विचारायला लागल्या: पोरीला परत पाण्यात घातलं का? पैसे किती घेतले? बाईंनी खुर्चीतून उठून सांगितलं, "परत बाप्तिस्मा देत न्हाईत. पैसे घेत न्हाईत. मी स्वतः चौकशी केलीया, नाडी धरून." कुणी तरी म्हणालं, बाई फितल्या. त्यावर बाईंनी त्या बाईचंही मनगट धरलं.

लग्न झालं. मी पुढं, डाव्या बाजूला, कॅमेरा गळ्यात. एका बाजूच्या पहिल्या बाकावर एस्तरबाई, पांढऱ्या साडीत, ताठ. मधल्या वाटेपलीकडे पहिल्या बाकावर फिलूबाई, जांभळ्या शालूत. कम्युनियनची वेळ झाली. करुणा आणि मार्टिन पुढं झाले. करुणानं एकदा मागं वळून आईकडे पाहिलं. बाईंनी हनुवटीनं खूण केली, जा. मग बाक रिकामे व्हायला लागले. चंदगडची सगळी पाहुणेमंडळी उठली, फिलूबाईंचा नवरा उठला, दीर उठले, जावा उठल्या. वरमाय उठेना.

लोक वळून वळून बघायला लागले. मुलाच्या लग्नात वरमाय कम्युनियनला जात नाही याचा अर्थ त्यांच्यात एकच. जाऊबाई कानाशी वाकून काही बोलल्या. फिलूबाईंनी डोळे मिटले आणि हात जोडून बसून राहिल्या. मी कॅमेरा खाली केला. एस्तरबाईंकडे पाहिलं. त्या मान वळवून वाटेपलीकडच्या बाकाकडे बघत होत्या, डोळे बारीक करून. ती नजर मला पाठ होती.

जेवणाच्या पंगतीत मी फिलूबाईंना गाठलं आणि म्हटलं, तुमचा कम्युनियन घेतानाचा फोटो राहिला. त्या म्हणाल्या, घेतलंच नाही. का, विचारलं.

"ती एकटी बसली असती रे, एवढ्या लोकांत. पोरगी तिची, आन् तीच मागं." मग वाढता वाढता म्हणाल्या, "तिला सांगू नको हां. उपकार वाटंल."

मी शब्द दिला. आणि मागं वळलो तर एस्तरबाई. हातात ताट, आवाज खाली.

"बाळू, बघितलंस? उठली न्हाई ती. फादर काय म्हणाला हुता? मोठं पाप अंगावर असलं की उठायचं न्हाई." त्यांनी माझं मनगट धरलं. "काय केलं असंल रं तिनं?"

आता माझी अवस्था बघा. शब्द दिलेला, नाडी त्यांच्या बोटांखाली आणि पोटात हसू मावत नाही. मी म्हटलं, मला काय ठाऊक. बाईंनी मनगट सोडलं. "तुला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजे लई मोठं असणार."

पुढची काही वर्षं हा तपास चालला. खुर्ची तिथंच होती, पण आता नजर मूर्तीवर नव्हती. फिलूबाई बाजारात कुठं जातात, कुणाशी बोलतात, नवऱ्याशी भांडण आहे का, चंदगडला जमिनीचं काही आहे का, सगळं तपासलं. त्यासाठी रोज त्यांच्याकडे जाऊन बसावं लागायचं, तेव्हा जाऊन बसायच्या. फिलूबाईंना डेंग्यू झाला तेव्हा चार दिवस उशाशी बसून पट्ट्या बदलल्या. ताप चढला की माणूस बडबडतो, त्यात काही निघतं का बघायचं होतं, असं मला नंतर सांगितलं. काही निघालं नाही. नातवाच्या बाप्तिस्म्याला त्या गेल्या, फादरांच्या अगदी शेजारी उभ्या राहिल्या आणि पाणी नीट डोक्यावरून वाहिलं की नाही ते वाकून पाहिलं. बाहेर येऊन मला म्हणाल्या, पाणी बरोबर होतं, शब्द तेच होते. मग, "पण तिचं काय, ते कळंना."

माझ्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलो, तेव्हा मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं. तोवर रोल गेले होते, डिजिटल कॅमेरे आले होते, आणि बाई काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. शनिवारची संध्याकाळ. फिलूबाईंच्या पडवीत दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पत्रिका ठेवली, चहा आला. आणि कुठलाही मागचापुढचा संबंध नसताना एस्तरबाईंनी सुपातून मान वर केली.

"पोरांच्या लग्नात तू उठली न्हाईस. का?"

फिलूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"गुडघा धरला होता गो," फिलूबाई म्हणाल्या.

"गुडघा. आन् संध्याकाळी बँडवर नाचलीस ती कोण हुती?"

फिलूबाई तांदळातला खडा शोधत राहिल्या. एस्तरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, पण डोळे बारीक नव्हते. बराच वेळ तशाच बघत राहिल्या आणि मग हळूहळू, मी शपथेवर सांगतो, त्यांचा चेहरा बदलला. इतकी वर्षं त्या पापच शोधत होत्या. दुसरं काही असेल असा संशयच घेतला नव्हता.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, काठी टेकून उठल्या.

"ऊठ. साडी बदल."

"कुठं गो?"

"चर्चला. आता आमच्यापुढं खोटं बोललीस, गुडघ्याचं. उद्या रविवार. कबुली दिली न्हाईस तर परत बसून ऱ्हाशील." त्या पायरी उतरायला लागल्या. "मी येते संगं. तू आत जाऊन सांगून ये. मी बसते बाकावर."

बोळाच्या तोंडाशी मी रिक्षा थांबवून दिली. एस्तरबाईंनी फिलूबाईंना आधी आत चढवलं, मग स्वतः बसल्या, आणि रिक्षा वळेपर्यंत त्यांनी फिलूबाईंचा हात धरलेला मला दिसत होता. मनगट नव्हे. हात.